नदीपर्यंतचा दोर

त्या राज्यात चाकरी संपली की प्रत्येकाला एक दोर मिळत असे. दोराचे एक टोक कुरणातल्या खुंटाला आणि दुसरे मानेला. दोर जेवढा लांब, तेवढ्या वर्तुळातले गवत मरेपर्यंत त्याचे. त्या वर्तुळात लांडग्यांनी पाऊल टाकायचे नाही, असा गादीचा आणि लांडग्यांचा जुना करार होता, आणि लांडगे तो पाळतही असत. पलीकडच्या रानातली जनावरे या दोराला सरळ दावे म्हणत. पण राज्यात तो शब्द असभ्य समजला जाई.

दोराशिवाय जगणारेही पुष्कळ होते. शेळ्या, गाढवे, घर सांभाळणाऱ्या गाई. त्यांना बिनदोराचे म्हणत. ते मिळेल तिथे चरत, दिसेल ते पाणी पीत, आणि दर उन्हाळ्यात त्यांच्यातला एखादा संध्याकाळी परत येत नसे. त्यामुळे लग्न जुळवताना पहिला प्रश्न एकच असे, "मुलगा दोराच्या चाकरीत आहे ना?" होय म्हटले की पुढची बोलणी भराभर उरकत, मग शिंगे वाकडी असली तरी कुणी बघत नसे.

दोराच्या चाकऱ्या मुख्यतः दोन. घोडे सरहद्दीवर जात आणि बैल रहाटाला लागत. घोड्यांना अंगात धमक असतानाच मोकळे करत. दोर लवकर मिळे, पण आखूड. बैलांना पार म्हातारे होईपर्यंत राबवून घेत; दोर मिळे तो ऐसपैस, पण दात पडल्यावर. यातले बरे कोणते, हा राज्यातला सर्वांत आवडता विषय होता. या विषयावर बोलताना बैलांच्या पोटात घोड्यांमुळे दुखे आणि घोड्यांच्या पोटात बैलांमुळे, आणि दोघांचेही दुखणे खरे असे.

कोसाजी हा रहाटाचा बैल. रंगाने राखाडी, स्वभावाने सरळ, आणि चालीने गोल. विहिरीभोवती फिरायचे, पाणी वर आले की ते पाटाने गादीच्या बागेकडे जायचे. पाटातल्या पाण्याला तोंड लावायची मुभा नव्हती. चाकरांसाठी दगडी डोणी होती. तिच्यातले पाणी कोमट असे आणि त्यावर पाचोळा तरंगत असे. सगळा जन्म पाणी उपसण्यात गेला, पण वाहत्या पाण्यात पाय सोडून उभे राहण्याचा योग कोसाजीला कधी आला नव्हता. त्याची एवढीच इच्छा होती. कुरणाच्या टोकाला नदी होती. तिच्यात गुडघाभर उतरायचे, पोटभर प्यायचे आणि काठावरची कोवळी हरळी आपल्या दातांनी खायची.

दुपारच्या विश्रांतीला बैल डोणीभोवती जमत आणि बोलणे हटकून घोड्यांवर येई.

"काम काय तर उभं राहणं," एक म्हणे. "डोंगरावर उभं राहायचं आणि पलीकडे बघायचं. त्याला दोर मिळतो, तोही तरणेपणी!"

"शिवाय परवा त्यांनी ओरडा केला, की जुन्या घोड्यांचा दोर नव्या घोड्यांएवढा झाला पाहिजे. तो झालाही. आपण ओरडलो असतो तर?"

"आपण ओरडलो की रहाट थांबतो. म्हणून आपल्याला ओरडू देत नाहीत."

मग कुणीतरी नव्या गोऱ्ह्यांची गोष्ट काढी. यापुढे रहाटाला लागणाऱ्यांना गादी दोर देणार नव्हती. त्यांनी रोजच्या चाऱ्यातली काडी बाजूला काढायची, ती वाऱ्यावर वाळत घालायची आणि शेवटी उरेल त्याचा आपापला दोर वळायचा. वारा चांगला सुटला तर नदीच्याही पलीकडे जाल, असे त्यांना सांगण्यात आले होते. वारा वाईट सुटला तर काय, हे कुणी विचारले नव्हते. तो विषय निघाला की सगळे डोणीत तोंड घालत आणि आपले बरे चालले आहे असे मानून पाणी पीत.

कोसाजी या गप्पांत मान हलवून भाग घेई. त्याचे लक्ष मात्र नंदाप्पाकडे असे. नंदाप्पा हा रहाटखात्यातला सर्वांत जुना बैल; त्याची पूर्ण चाकरी संपत आली होती आणि त्याला मिळणारा दोर थेट नदीपर्यंत जाणार होता.

तो दिवस आला. नंदाप्पाच्या पाठीवर झूल पडली, गळ्यात दोर पडला आणि सगळे खाते त्याला पोचवायला कुरणात गेले. नंदाप्पा नदीकडे निघाला. दोर मागून सुळसुळत उलगडत गेला आणि बरोबर पाण्याच्या काठाशी संपला. सगळ्यांनी हंबरून आनंद केला. नंदाप्पाने मान खाली घातली. पाणी काठापासून थोडे खाली होते; उतरायला गुडघे वाकवावे लागणार होते. त्याने पुढचा एक पाय वाकवून पाहिला. मग दुसरा. गुडघे काही वाकेनात. मग त्याने काठावरच्या हरळीला तोंड लावले, ती हिरड्यांनी थोडा वेळ चघळली, आणि तशीच खाली टाकली.

"नदी छान आहे," तो मागे वळून म्हणाला.

कोसाजीला त्या रात्री रवंथही गोड लागेना. त्याला रडू येत होते आणि ते नंदाप्पासाठी येत होते की स्वतःसाठी, हे त्याला सांगता आले नसते.

"मी लवकर सुटतो," तो बायकोला म्हणाला. "गुडघे आहेत तोवर."

तांबू त्याची बायको. तिने जन्मात कुठली चाकरी केली नव्हती. घर, वासरे आणि सासूचे दुखणे एवढेच केले होते. ती आत्ताच बाहेरून आली होती आणि तिचे खूर ओले होते.

"नदीसाठीच ना?" ती म्हणाली. "अहो, मग त्याला एवढं काय? मी रोज जाते. उद्या चला माझ्याबरोबर."

"तुझं वेगळं गं. तू बिनदोराची. तू कुठेही गेलीस तरी तुला कोण विचारतंय? मी चाकरीतला. मला हक्कानं जायचंय."

"हक्कानं म्हणजे कसं?"

"दोरानं."

तांबूने जरा विचार केला, तोंडातला घास या गालातून त्या गालात नेला, आणि ती झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी कोसाजी दोरखान्यात गेला. तिथे साळिंदर कारकून होता. कामात एवढा बुडालेला, की लेखणी मोडली तर पाठीवरचीच एक उपटून घेई.

"लवकर सुटायचं?" साळिंदर म्हणाला. "आजारी आहात?"

"नाही."

"वरिष्ठांशी भांडण?"

"छे."

"मग कुणी भरवलं डोक्यात?"

"नदीत उतरायचंय, साहेब. गुडघे वाकतायत तोवर."

साळिंदराने त्याच्याकडे प्रथमच नीट पाहिले. "हे पाहा कोसाजी, नदी पूर्ण चाकरीच्या दोरात बसते. लवकरच्या दोरात ती बसत नाही. काठाच्या अलीकडे संपतो तो. थोडक्यात हुकते. पण हुकते, हे मी तुम्हाला आधीच सांगून ठेवतो."

"दर पावसाळ्यात दोर भिजवून ताणून देतात ना? मग पोचेल की हळूहळू."

"देतात. पण दर पावसाळ्यात नदीही थोडी पलीकडे सरकते," साळिंदर म्हणाला. "गवतही दरवर्षी विरळ होत जातं. घोड्यांना विचारा. लवकरच्या दोराचं सुख त्यांना चांगलं ठाऊक असतं."

कोसाजीला ही कल्पना पटली. बैलांचे आणि घोड्यांचे कुरण एकच होते, पण भांडणे फार होऊ लागली तेव्हा मधे एक बुटका बांध घालण्यात आला होता. बांधाला लागून हत्तीशेटचा उसाचा मळा. मळ्याच्या फाटकाशी एक घोडा ताठ उभा होता. त्याचे नाव अबलख. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा, रुंद छातीचा, आणि डाव्या बाजूला कान नसलेला.

"या, रहाटवाले," अबलख म्हणाला. "आमचा दोर बघायला आलात? बघा. सगळे बैल येतात आणि मोजून जातात."

कोसाजी ओशाळला, कारण मनातल्या मनात तो खरोखरच मोजत होता. "तसं नव्हे, अबलखराव. मी लवकर सुटावं म्हणतोय. म्हटलं, कुणा अनुभवी घोड्याला विचारावं."

"मग ऐका. सुटलो त्या दिवशी वाटलं, आता मजा. पोटभर खायचं आणि लोळायचं. चार दिवस लोळलो. मग पायांना कळेना जायचं कुठे. सकाळी शिंग वाजायच्या वेळेला आपोआप ताठ उभा राहायचो, आणि शिंग काही वाजायचं नाही." त्याने शेपटीने माशी हाकलली. "शिंगरं वाढती. आखूड दोरातलं गवत त्यांना पुरेना. म्हणून खुंट मुद्दाम इथे ठोकून घेतला. दोर फाटकापर्यंत पोचतो. दिवसभर हत्तीशेटचा पहारा करतो, तो उसाचं वाढं देतो. मुकादम एक डुक्कर आहे. सरहद्दीवर माझ्या टापा ऐकल्या की समोरचे पळत सुटायचे. हा मला म्हणतो, शेपूट कमी हलवा, गिऱ्हाईक बुजतं."

"तरी दात शाबूत आहेत तुमचे," कोसाजी म्हणाला. त्याला तसे म्हणायचे नव्हते. पण डोणीवरच्या इतक्या दुपारी आतून बोलल्या.

"आणि तुमचे दोन्ही कान शाबूत आहेत!" अबलख उसळला. "सावलीत गोल फिरायचं, संध्याकाळी घरी जायचं, बायकापोरांत झोपायचं! वर लांबलचक दोर! माझी शिंगरं चालायला लागली ते मला बातमीसारखं कळलं."

कोसाजीने त्या कानाच्या जागेकडे पाहिले.

"त्याबद्दल काही दिलं का?" त्याने हळूच विचारले.

"दिलं ना. दोराला दोन हात वाढवून दिले." अबलख एकदम मोठ्याने खिंकाळून हसला. "दुसराही गेला असता तर नदी गाठली असती!"

कोसाजीलाही हसू फुटले, आणि हसता हसता त्याला मनापासून लाज वाटली. इतकी वर्षे आपण ज्याच्यावर जळत होतो तो हा, असे त्याला वाटले. निघताना त्याने विचारले, "म्हणजे तुम्हालाही नदीच हवी?"

"दुसरं काय हवं असतं कुणाला?" अबलख म्हणाला.

कोसाजीने अर्ज दिला. खात्यात खळबळ माजली. धडधाकट बैल रहाट सोडतो, म्हणजे नक्कीच काहीतरी भानगड असणार, असे सगळ्यांनी ठरवले आणि ज्याला जी भानगड सुचली ती त्याने दुसऱ्याला सांगितली. निरोपसमारंभ मात्र थाटात झाला. खात्याचा प्रमुख एक वळू होता. रहाटाला तो कधी जुंपला गेला नव्हता, पण रहाटाविषयी त्याला फार जिव्हाळा होता. "कोसाजींची सगळी वाटचाल एका सरळ रेषेत मांडली," वळू म्हणाला, "तर ते आज जगाच्या दुसऱ्या टोकाला पोचले असते!" टाळ्यांसाठी सर्वांनी खूर आपटले. मग विहिरीपाशी नवा बैल जुंपण्यात आला आणि समारंभ आटोपता घेतला.

कोसाजीने खुंटासाठी बांधाजवळची, खुंट ठोकू देत त्यांतली नदीला सर्वांत जवळची जागा मागून घेतली. साळिंदराने स्वतः येऊन दोर बांधला.

"गाठ सैल ठेवली आहे," तो म्हणाला. "दातानं सुटते. झोपताना काचला तर काढून ठेवत चला."

"काढायचा कशाला?" कोसाजी दुखावून म्हणाला. "जन्मभर राबून मिळवलाय."

मग तो नदीकडे निघाला. चाल अजून दमदार होती, गुडघे छान वाकत होते. दोर मागून उलगडत आला, उलगडत आला, आणि गळ्याला हिसका बसला. समोर उतार होता, उताराखाली हरळीचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे पाणी. पाण्याचा वास नाकपुड्यांत शिरत होता. त्याने मान ताणली, जीभ काढली, पुढच्या खुरांनी माती उकरली. साळिंदराने सांगितले होते तसेच झाले होते. थोडक्यात हुकत होते.

त्याने बरेच उपाय केले. दोर पावसात भिजू दिला, उन्हात ताणून धरला, खुंटाला धडका देऊन तो नदीकडे कलतो का पाहिले. खुंट गादीने ठोकलेला होता. तो हलला नाही. रोज सकाळी तो उताराच्या माथ्यावर जाऊन उभा राही, आणि तिथली माती त्याच्या खुरांनी तुळतुळीत झाली. वर्तुळाच्या आत गवत संपत आले होते आणि बाहेर ते गुडघ्याएवढे वाढले होते. ती कड लांबूनही ओळखू येई. तांबू रोज दुपारी त्याच्या शेजारून उतार उतरून जाई आणि ओल्या खुरांनी परत येई. जाताना ती "चला" म्हणे आणि तो "बघतो" म्हणे. एकदा तिने तोंडात धरून हरळीचा घास आणला. तो त्याने खाल्ला. चव फार सुंदर होती, आणि त्यामुळे त्याला जास्तच वाईट वाटले.

"कोसाजी," एके सकाळी बांधापलीकडून अबलखाने हाक मारली, "तुमचा दोर कितीनं हुकतो?"

"थोडक्यानं."

"माझा पुष्कळानं. पण मी रात्रभर विचार करतोय. तुमचा आणि माझा एकत्र केला तर?"

घोड्याचा दोर आणि बैलाचा दोर एकत्र! असे राज्यात कधी झाले नव्हते. पण होऊ नये असाही काही नियम नव्हता. बैल आणि घोडे कधी एकमेकांच्या दोराला हात लावतील, हेच नियम करणाऱ्यांना सुचले नव्हते.

"दोघं एकदम नाही जाता येणार," कोसाजी म्हणाला.

"पाळीपाळीनं जाऊ. एकानं जायचं, पोटभर प्यायचं, यायचं. मग दुसऱ्यानं. छावणीतली गाठ मारतो, हत्तीनं ओढली तरी सुटायची नाही."

कोसाजीचे डोळे भरून आले. नदी त्याला खरोखर मिळणार होती, आणि तीही हक्काने. फक्त आधी कुणी जायचे हा प्रश्न उरला, आणि त्यात सकाळ गेली. कोसाजीची चाकरी जास्त होती. पण अबलखाचा दोर आधीचा होता. चाकरी मोठी धरायची की दोर, यावर दोघांनीही डोणीवर ऐकलेले आणि छावणीत ऐकलेले सगळे मुद्दे मांडले. शेवटी अबलख म्हणाला, "अनोळखी काठावर आधी घोडा जातो, मग सामान. सरहद्दीचा रिवाज आहे."

'सामान' हा शब्द कोसाजीला लागला, पण रिवाज त्याला मान्य होता. अबलखाने दाताने आपला दोर खुंटावरून सोडवला आणि बांधावरून अल्लाद उडी मारून तो या बाजूला आला. मग त्याने कोसाजीच्या मानेवरची गाठ सोडली. दोर बाजूला झाला तेव्हा कोसाजीच्या मानेला वारा लागला. तिथे केस झिजून एक गोल वळ उमटला होता, आणि त्यावर वारा गार वाटत होता. त्याला एकदम धास्तीच वाटली.

"लांडगा आला म्हणजे?"

"हाक मारा. मी आहे," अबलख म्हणाला. त्याने दोन्ही दोर जोडून पक्की गाठ मारली, ओढून पाहिली, आणि ताठ मानेने तो उतारावरून निघाला. कोसाजीच्या खुंटापासून लांबलचक दोर सुळसुळत त्याच्यामागे गेला. हिरवा पट्टा आला, पाणी आले, आणि तरीही दोर उरला. अबलख पुढचे दोन्ही पाय टाकून पाण्यात शिरला आणि त्याने तोंड बुडवले.

"कसं आहे?" कोसाजी ओरडला.

"गार!" अबलख ओरडला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता, इतका तो आनंदात होता. "अगदी गार!"

"सावकाश प्या! घाई नाही!" कोसाजी म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटले. एवढी वर्षे थांबलो, आणखी थोडे थांबायला काय हरकत आहे.

थोड्या अंतरावर तांबू पोटापर्यंत पाण्यात उभी होती. तिच्या पाठीवर एक बगळा बसला होता. तिने वळून वर पाहिले. उताराच्या माथ्यावर तिचा नवरा उभा होता. मान मोकळी, गुडघे धड, समोर उतार, उताराखाली नदी.

"अहो," तिने हाक मारली, "या ना!"

"आलो, आलो," कोसाजी म्हणाला. "त्यांचं होऊ दे. मग माझीच पाळी आहे." आणि पुढचे दोन्ही खूर तुळतुळीत मातीच्या कडेच्या आत नीट ओढून घेऊन तो दोराची वाट पाहत उभा राहिला.